उद्याचे शंभर रुपये

दिवाळीत नात आली होती. फराळाचे रिकामे डबे परत आणले (हेच एक आश्चर्य!) आणि त्यांच्याबरोबर एक जाडजूड फाईल. पुण्यात अर्थशास्त्रात एम. ए. करते आहे ती, आणि दुसऱ्या वर्षाला एक प्रकल्प करावा लागतो. हिचा विषय असा, की हवामान बदलतंय त्याला आमच्यासारख्या कोरडवाहू भागातला शेतकरी कसा तोंड देतो आणि त्यापायी किती पैसे घालायला तयार असतो. "आजी, केंदूरमधली पन्नास घरं मला गाठून दे. तुला सगळे बाई म्हणून ओळखतात, नाही म्हणणार नाहीत."

तर दिवाळीचे चार दिवस मी सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांसह तिच्या मागून हिंडले. पहिलं घर अर्थातच आमचंच. म्हणजे धाकट्या दिरांचं, भिंतीला भिंत लागून. भाऊजी ओट्यावर कांद्याचं बी निवडत बसले होते. नातीने समोर बसकण मारली आणि सुरुवात केली. घरात माणसं किती, जमीन किती, विहीर किती फूट, बोअर किती. इथपर्यंत ठीक चाललं. मग चौदावा प्रश्न आला : "वर्षभर शेतीला खात्रीचं पाणी मिळालं, तर एकरी किती पैसे द्यायची तुमची तयारी आहे?"

भाऊजींनी मान वर केली. "कुठलं पानी? चासकमानचं का वरून पडनारं?"

"समजा कुठलंही, आजोबा."

"समजा कशाला? माझं अख्खं आयुष्य समजण्यातच गेलं की."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चासकमान धरण खेड तालुक्यात भीमा नदीवर आहे. त्याचा कालवा शिरूर तालुक्यात येतो, पण आमचा केंदूर-पाबळचा पट्टा कोरडाच राहिला. आम्हाला वेळ नदी, आणि तीही पावसाळ्यापुरती. पाण्याची मागणी इतकी जुनी आहे की तिच्यावर किती निवडणुका झाल्या ते मोजायचं मी सोडून दिलंय. असो, तो आजचा विषय नाही.

बावीसावा प्रश्न मात्र माझ्या मनात रुतून बसला. "आज दहा हजार रुपये घ्याल, की एका वर्षानं बारा हजार?"

"आज."

"वर्षानं पंधरा हजार?"

"आज."

"वीस हजार मिळाले तर?"

भाऊजी थोडं थांबले. "वर्षानं देनार कोन? तू?" आणि पुन्हा बी निवडायला लागले.

नातीने कागदावर खूण केली. घरी आल्यावर मी चष्मा लावून पाहिलं, तर त्या रकान्याच्या वर इंग्रजीत जे लिहिलं होतं त्याचा अर्थ तिने सांगितला : "अत्यंत अधीर."

मला रागच आला. हा माणूस अधीर? दरवर्षी मृगापासून आभाळाकडे बघत बसणारा, कांदा पाच-पाच महिने चाळीत ठेवून भाव यायची वाट पाहणारा, बापाने लावलेल्या चिंचेखाली बसून स्वतः आणखी दोन चिंचा लावणारा? मी नातीला म्हटलं, तुझा रकाना चुकतोय. ती म्हणाली, "आजी, रकाना माणसाचा स्वभाव सांगत नाही. उद्याच्या रुपयाची आज किती किंमत करतो, तेवढंच सांगतो." आणि मग रात्री जेवणं झाल्यावर तिने मला ते सगळं समजावून सांगितलं.

आता माझं बी. ए. सत्तरच्या दशकातलं, मराठी माध्यमातलं. अर्थशास्त्र हाच विषय. पण पुढे जन्मभर शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, आणि गणिताचे सर रजेवर असले की गणित. त्यामुळे गंमत अशी झाली की तिला शब्द इंग्रजी येतात आणि मला मराठी. ती काहीतरी सांगायची, मी म्हणायची, "हां हां, घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त!" आणि ती खो खो हसायची. पिगू मात्र आम्हा दोघींचाही निघाला. कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघतो, त्याने शेजारणीची धुणी काळी होतात, पण तो खर्च कारखानदाराच्या वहीत कुठेच लागत नाही. खाजगी खर्च वेगळा, समाजाचा खर्च वेगळा, म्हणून फरकाइतका कर लावा, असं पिगूने १९२० साली मांडलं. आम्ही ते पाच मार्कांची टीप म्हणून पाठ केलं होतं. आज जगभर कार्बनवर कर लावायच्या गोष्टी चालतात त्यांचं मूळ तिथेच आहे. आपल्याकडेही २०१० साली दगडी कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला होता, तो वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० वर गेला. पुढे २०१७ साली तो जीएसटीच्या भरपाईकडे वळला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर काढून कोळशावरचा जीएसटीच ५ चा १८ टक्के केला. म्हणजे धुणं काळं झालं त्याचे पैसे शेजारणीला मिळाले का, हे विचारू नका.

पण बावीसाव्या प्रश्नाला जे नाव आहे, त्याला मराठीत फार नेमका शब्द आहे : वटाव. जुन्या काळी व्यापारी हुंडी वटवायचे. सहा महिन्यांनी मिळायचे शंभर रुपये आज हवे असतील तर सावकार पंचाण्णव हातावर ठेवायचा. ते पाच रुपये म्हणजे वटाव. हवामान बदलावर जे मोठमोठे अर्थशास्त्रज्ञ गेली वीस वर्षं भांडताहेत, ते बरंचसं या वटावावरून भांडताहेत असं मला कळलं तेव्हा मी चाट पडले. मला वाटायचं भांडण धुराचं असेल, तापमानाचं असेल. पण भांडण आहे ते चक्रवाढ व्याजाच्या उदाहरणाचं, आपण सातवी-आठवीत सोडवतो तसल्या.

ते असं. आज आपण कोळसा जाळतो, त्याचं नुकसान शंभर वर्षांनंतरच्या माणसांना सोसायचं आहे. समजा ते नुकसान शंभर रुपयांचं आहे. ते टाळायला आज किती रुपये खर्च करणं शहाणपणाचं? उत्तर व्याजाच्या दरावर आहे. निकोलस स्टर्न या अर्थशास्त्रज्ञाने २००६ साली ब्रिटिश सरकारसाठी मोठा अहवाल लिहिला, त्यात तो दर साधारण १.४ टक्के पडतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे विल्यम नॉर्डहाउस म्हणाले, हा कुठला दर? प्रत्यक्ष बाजारात लोक आपला पैसा ज्या दराने गुंतवतात तो बघा, तो याच्या तिप्पट-चौपट असतो. याच नॉर्डहाउस यांना हवामान बदल अर्थशास्त्राच्या हिशेबात आणल्याबद्दल २०१८ चं नोबेल मिळालं.

आता एवढ्याशा फरकाने काय होतं, असं मला वाटलं. कपाटातून जुनं लॉगटेबल काढलं (नात म्हणाली मोबाईलवर होईल, म्हटलं गप्प बस). १.४ टक्क्यांनी शंभर वर्षांनंतरचे शंभर रुपये म्हणजे आजचे पंचवीस रुपये. साडेचार टक्क्यांनी? सव्वा रुपया! दोनदा करून पाहिलं. सव्वाच. म्हणजे एका साहेबाच्या मते पणतूच्या नातवाचं शंभराचं नुकसान टाळायला आज पंचवीस रुपये घालायला हरकत नाही, आणि दुसऱ्याच्या हिशेबाने सव्वा रुपयापेक्षा एक पैसाही जास्त घालणं हा अव्यापारेषु व्यापार. दोघांचंही गणित बरोबर आहे. नॉर्डहाउस काही निर्दयी नव्हेत. त्यांचं म्हणणं असं, की पुढची माणसं आपल्याहून श्रीमंत असतील, आणि तोच पैसा शाळांत, दवाखान्यांत घातला तर त्यांना जास्त उपयोगी पडेल. पटण्यासारखं आहे. आणि तरीही सव्वा रुपया पाहून पोटात कसंतरी होतंच.

फ्रँक रॅम्झी नावाचा केंब्रिजचा एक तरुण गणिती होता. सव्विसाव्या वर्षी गेला बिचारा. त्याने १९२८ सालीच लिहून ठेवलंय म्हणे, की पुढचं सुख केवळ पुढचं आहे म्हणून कमी लेखणं नीतीला धरून नाही, आणि आपण तसं करतो याचं कारण आपली कल्पनाशक्ती तोकडी. त्याला कुणी मुलंबाळं होती का, असं मी विचारलं. "दोन मुली," नातीने लगेच शोधून सांगितलं.

या स्टर्नसाहेबांबद्दल आणखी एक गोष्ट मला आवडली. तरुणपणी, १९७४-७५ मध्ये, ते उत्तर प्रदेशात मुरादाबाद जिल्ह्यातल्या पालनपूर नावाच्या लहानशा खेड्याचा घरोघर हिंडून अभ्यास करत होते. त्या गावाची पाहणी १९५७-५८ पासून दर दशकात होत आली आहे. म्हणजे पृथ्वीचा हिशेब करण्याआधी या माणसाने एका गावाचा हिशेब केला होता.

मी हे ऐकून म्हटलं, अगं, मग आपल्या जातेगावाचं काय! नातीला आधी माहीत नव्हतं, मला मिरवता आलं. शिक्रापूरच्या बाजूचं आमच्याच शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल होते डॉ. हॅरल्ड मॅन. हे गृहस्थ आधी आसामात चहावर संशोधन करत होते, १९०७ मध्ये पुण्याला आले. त्यांनी आणि ना. वि. कानिटकरांनी मिळून जातेगावची घर अन् घर पाहणी केली आणि १९२१ साली पुस्तक काढलं. त्याआधी १९१७ साली त्यांनी पिंपळे सौदागर केलं होतं. (हो, तेच! जिथे आता भाचेमंडळींचे फ्लॅट आहेत. तिथे १७७१ साली सरासरी चाळीस एकर असलेलं खातं १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आलं होतं, असं मॅन यांनी लिहून ठेवलंय. आता चौरस फुटांवर आलंय.)

जातेगाव त्यांनी मुद्दाम निवडलं ते कोरडवाहू गाव म्हणून. प्रत्येक कुटुंबाचं उत्पन्न, खर्च, कर्ज, व्याज यांचा हिशेब मांडला आणि घरांचे तीन गट केले : जमिनीवर भागतं ते, बाहेरच्या कमाईची जोड देऊन भागतं ते, आणि कशानेच भागत नाही ते. तिसऱ्या गटात शंभरातली ऐंशीहून जास्त घरं निघाली. दुष्काळी वर्षात म्हणता? नाही, बऱ्या वर्षाच्या हिशेबाने! नंतर म्हातारपणी मॅन यांनी दख्खनच्या पावसाचा १८६५ ते १९३८ पर्यंतचा हिशेब घालून पाऊस आणि दुष्काळ यांवर आणखी एक पुस्तक केलं, ते १९५५ मध्ये निघालं. आपल्या नद्या, आपला पाऊस, आपली कर्जं इतक्या आस्थेने मोजणारा माणूस परका असावा, याचं मला थोडं वाईट वाटतं. पण आपल्यातही होते. गोखले संस्था १९३० साली निघाली. तिथे धनंजयराव गाडगीळांनी प्रवरा आणि गोदावरी कालव्यांचे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायदे मोजले, ते १९४८ साली छापून आलं. कालवा आला की गावात काय काय बदलतं ते आम्ही बी. ए. ला त्यातूनच शिकलो. (पर्यावरणाचे माधव गाडगीळ हे त्यांचेच चिरंजीव.) कालवा जिथे येत नाही तिथे काय बदलतं याचं पुस्तक मात्र मी पाहिलं नाही.

गोखले संस्थेचेच वि. म. दांडेकर. पीकविम्याचा विचार आपल्याकडे रुजला तो त्यांच्यामुळे. प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगळं मोजत बसणं अशक्य आहे, तेव्हा एका मंडळातली पिकाची सरासरी बघा, ती घसरली तर सगळ्यांना भरपाई द्या, असं त्यांनी १९७६ मध्ये मांडलं, आणि १९७९ पासून त्याचा प्रयोग सुरू झाला. आजच्या विम्याचा पाया तोच. शास्त्र म्हणून ते शहाणपणाचंच होतं, पण पूर्वी पाऊस मंडळभर पडायचा. आता ओढ्याच्या या काठाला ढग फुटतो आणि त्या काठाला धूळ उडते. भाऊजींची बाजरी एका वर्षी पार आडवी झाली, मंडळाची सरासरी मात्र छान होती. सरासरी खाता येत नाही हो वहिनी, असं ते तेव्हा म्हणाले होते. राज्यात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, २०२५ पासून तो बंद झाला, आता हप्ता भरावा लागतो. भरू का नको, हा यंदा त्यांचा प्रश्न होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यात शिरूर होतं, आणि २०२५ च्या मे महिन्यात, ज्या महिन्यात आम्ही कांदा वाळवतो, त्याच महिन्यात पावसाने काढून ठेवलेला कांदा भिजवला. अशा माणसाला "वर्षानं वीस हजार" असं विचारलं तर तो काय सांगणार?

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. आठ दिवस लिहू का नको करत होते. नातेवाईक वाचतात, कुणाला आवडेल न आवडेल. पण लिहितेच.

२००२ आणि २००३ अशी दोन वर्षं पाऊस गेला होता. आम्ही दोघं तेव्हा माझ्या नोकरीच्या गावी. भाऊजी एका संध्याकाळी एसटीने आले. आमच्या सामाईक विहिरीला पाणी राहिलं नव्हतं. गाळ काढून दहा-बारा फूट खोल न्यायची होती, आडवे बोअर घ्यायचे होते. तीस हजार लागणार होते. यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण पैसे माझे होते, पोस्टात आठ टक्क्यांनी ठेवलेले. मुदत पुरी व्हायला दोन वर्षं होती. मी म्हटलं, भाऊजी, आत्ता मोडली तर व्याज बुडेल हो. एवढंच म्हटलं. ते "बरं" म्हणाले, चहा प्याले, सकाळच्या गाडीने गेले. आमच्या घरात पैशावरून कधी आवाज चढला नाही, त्या दिवशीही नाही.

पुढचं मला वर्षभराने कळलं. त्यांनी एकाकडून तीस हजार उचलले, तीन रुपये शेकड्याने. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, तीन रुपये शेकडा म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये, वर्षाला छत्तीस टक्के. दरमहा नऊशे रुपये नुसतं व्याज. आणि त्या पैशांतून त्यांनी विहीर खोल केली नाही. बोअर मारला.

मला त्या वेळी तो निव्वळ अविचार वाटला होता. आपला भाग काळ्या कातळाचा. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, खाली जावं तसं मिळेलच असं नाही. पाणाड्याने नारळ हातावर उभा करून जागा दाखवली. रात्री गाडी आली आणि पहाटेपर्यंत नुसता राखेसारखा धुरळा उडाला. दुसऱ्या जागी दोन इंच पाणी लागलं, ते दोन वर्षं टिकलं. विहीर खोल केली असती तर पावसाळ्यानंतर ती भरली असती, पंधरा-वीस वर्षं पुरली असती. हे त्यांना कळत नव्हतं का? माझ्यापेक्षा दसपट कळत होतं. नातीने वटाव समजावला त्या रात्री मी लॉगटेबल पुन्हा उघडलं आणि छत्तीस टक्क्यांनी मांडून पाहिलं. पंधरा वर्षांनंतरचे शंभर रुपये म्हणजे आजचा एक रुपया. एकच! नॉर्डहाउस यांच्या दराने पैशाची जी अवस्था व्हायला शंभर वर्षं लागतात, ती सावकाराच्या दराने पंधरा वर्षांत होते. विहिरीच्या कामाला तीन महिने लागतात, बोअर एका रात्रीत होतो. ज्याच्या डोक्यावर दर महिन्याला नऊशे रुपये चढताहेत, तो पंधरा वर्षांची विहीर कशी निवडणार? त्या दिवशी निवड भाऊजींनी केलीच नाही, व्याजाने केली. आणि ते व्याज माझ्या "बुडेल हो"मधून आलं होतं. मुदत मोडली असती तर माझं नुकसान झालं असतं फार तर पाच-सहा हजारांचं. त्यांनी तीन वर्षं व्याज भरलं ते बत्तीस हजार चारशे, मुद्दल तसंच. २००६ मध्ये रस्त्याकडेची वीस गुंठे जमीन विकून ते मोकळे झाले. तिथे आता पत्र्याची शेड आहे. येता-जाता दिसते. भाऊजी मला त्याबद्दल आजवर एका शब्दाने बोललेले नाहीत, आणि मीही कधी विषय काढला नाही.

नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग फाईल काढून तिने त्या रकान्याशेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच भाऊजींकडे गेले. म्हटलं, विहिरीचं काम राहिलंय ते करून घेऊ. निवृत्तीच्या वेळचे पैसे ठेवीत आहेत, त्यातले एक लाख वीस हजार काढते. ते म्हणाले, नको. मग म्हणाले, पैसे काढायचेच तर शेततळं करू, अनुदान मिळतं. इथे नात मध्ये पडली. शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलं तर उत्तम, पण पुष्कळ ठिकाणी लोक प्लास्टिकचा कागद अंथरून विहिरी-बोअरचंच पाणी उपसून त्यात साठवतात, जमिनीतलं पाणी उन्हात उघडं ठेवतात, असं अभ्यासकांना आढळलंय म्हणे. भाऊजींनी मान हलवली. त्यांना ते चार गावांतलं दिसतंच आहे. "बरं, विहीर तर विहीर. पन मी गाळ काढला, बांध नीट केले, पानी मुरवलं. आन वरच्या अंगाला कुनी सहाशे फूट बोअर मारला तर? पानी त्याच्या खिशात, खर्च माझ्या." पिगूचं धुराडंच उलटं करून त्यांनी आमच्यापुढे ठेवलं.

याला नातीकडे उत्तर नव्हतं. कायद्याचं म्हणाल तर २००९ चा भूजल कायदा आहे, ६० मीटरच्या खाली जाणाऱ्या विहिरीला तो खोल विहीर म्हणतो आणि आळा घालायचं म्हणतो. पण गाडी रात्री येते. पुरंदरात नायगावला विलासराव साळुंख्यांनी १९७४ च्या सुमारास पाणी पंचायत सुरू केली, पाणी जमिनीवर न वाटता माणशी वाटलं, माणशी अर्ध्या एकराचं, आणि ऊस बंद. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात. तिथे गाव एक झालं. आमचं गाव संत कान्हूराज पाठकांच्या उत्सवाला एक होतं, बोअरला होत नाही. मी एवढंच म्हटलं, की वरच्या अंगाच्या घरी परवा फॉर्म भरायला जाणारच आहोत, तेव्हा बोलून बघू. गेलो. बोललो. चहा झाला. "बघू" म्हणाले. तिसरा पाडवा येईपर्यंत बघतील.

तरी भाऊजी तयार झाले. पण फुकट नको, म्हणाले. "वहिनी, चिठ्ठी करा. व्याज किती लावनार?" मी म्हटलं, आपल्यात कसलं व्याज. त्यांचा चेहरा पडला. मला कळेना काय करावं. त्यांना तीन रुपयांची सवय, मला आठ टक्क्यांची. तेवढ्यात नात म्हणाली, "१.४ टक्के लावा."

"म्हंजे शेकडा किती?"

"महिन्याला बारा पैसे, आजोबा. त्याच्याही थोडं आत."

भाऊजी हसले. "बारा पैसे! हा भाव कुनी काढला?"

"स्टर्न म्हणून एक साहेब आहेत, इंग्लंडचे. पण आपल्याकडच्या एका खेड्यात राहिलेत."

"त्येंना जमीन किती?"

नातीला ते माहीत नव्हतं. मी चिठ्ठीवर बारा पैसे लिहिले, भाऊजींनी सही केली, आणि जाऊबाईंनी ती देवघरातल्या डब्यात ठेवली. काम एप्रिलमध्ये धरायचं ठरलंय, विहीर तळाला गेली की.